विषाणू दबला, मग आता गोळ्या कमी होतील का?

आज आपण ज्या प्रश्नावर बोलणार आहोत, तो गटाच्या बैठकीत कुणी मोठ्यानं विचारत नाही. बैठक उठली, सतरंजी गोळा झाली, की मग कोपऱ्यात हळूच विचारला जातो. "रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही असं आलंय. मग आता गोळ्या कमी करता येतील का? की बंदच करता येतील?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. विषाणू दबल्यावर एचआयव्हीचे उपचार सोपे करता येतात. गोळ्यांची संख्या कमी होऊ शकते, त्रासदायक औषध बदलून मिळू शकतं, केंद्राच्या फेऱ्याही कमी होऊ शकतात. पण उपचार सोपे करणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. सोपे करायचे ते एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी, तपासणीचा कागद समोर ठेवून. घरच्या घरी अर्धी गोळी मोडून किंवा एक दिवसाआड घेऊन नव्हे. हे असं का, ते आता सावकाश बघू.

'सापडला नाही' म्हणजे 'गेला' नाही

रक्तात विषाणू किती आहे हे मोजणाऱ्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी सरकारी केंद्रातून मोफत होते. एक मिलीलीटर रक्तात, म्हणजे साधारण वीस थेंबांत, विषाणूची संख्या १००० पेक्षा कमी आली तर विषाणू दबला असं मानतात. ती इतकी कमी झाली की यंत्रालाही दिसेना, तर रिपोर्टवर 'आढळला नाही' असं येतं.

हा रिपोर्ट खरोखर आनंदाचा असतो. आपली प्रतिकारशक्ती सावरते. आजार दूर राहतात. आणखी एक गोष्ट आहे. ज्यांच्या रक्तात विषाणू यंत्रालाही सापडत नाही आणि जे गोळ्या नियमित घेतात, त्यांच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नवरा-बायकोपैकी एकालाच एचआयव्ही आहे अशा १७०० हून अधिक जोडप्यांवर नऊ देशांत मोठा अभ्यास झाला होता. त्यात आपल्या पुण्यातली जोडपीही होती. औषध लवकर सुरू केलेल्यांच्या जोडीदारांना होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ मध्ये त्यातून दिसलं. नंतरच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं.

पण 'आढळला नाही' हे फक्त रक्ताबद्दल खरं आहे. एचआयव्हीचा विषाणू आपल्या काही पेशींच्या आत जाऊन झोपून राहतो. तिथे औषध त्याला मारू शकत नाही आणि यंत्राला तो दिसत नाही. तुम्हा शेतात राबणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. हरळी वरून खुरपून काढली की रान स्वच्छ दिसतं, पण खाली काशा असतात. चार पाऊस पडले की ती परत वर येते. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परत दिसू लागतो.

तीन औषधं कशाला लागतात?

हा विषाणू फार वेगानं आपली पिल्लावळ वाढवतो आणि वाढवताना चुका करतो. प्रत्येक नवा विषाणू मूळच्यासारखाच नसतो. त्यात एखादा असा निपजतो, की ज्याला एखादं औषध लागूच पडत नाही. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, तो वाचतो आणि मग त्याचंच राज्य होतं. म्हणून तीन औषधं एकत्र देतात. एकाला चुकवणारा विषाणू दुसऱ्याच्या हाती सापडतो आणि दुसऱ्याला चुकवणारा तिसऱ्याच्या.

कधी घेतल्या, कधी नाही, अशा गोळ्या घेणं म्हणूनच धोक्याचं. अशा वेळी शरीरात औषध थोडंसंच उरतं. तेवढ्यानं विषाणू मरत तर नाही, उलट त्या औषधाला न जुमानायला शिकतो. मग तेच औषध पुन्हा नीट घेतलं तरी उपयोग होत नाही.

मूठभर गोळ्यांपासून एका गोळीपर्यंत

आज ज्यांना रोज एकच गोळी घ्यावी लागते, त्यांना पूर्वीचा त्रास सांगितला तर खरा वाटणार नाही. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचे उपचार सुरू झाले, तेव्हा दिवसाला मूठभर गोळ्या असायच्या. त्यातलं एक औषध दर आठ तासांनी, उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यावं लागे. किंमतही अशी, की एका माणसाच्या वर्षाच्या औषधाला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च यायचा. गरीब देशांत कुणाला ते परवडतच नव्हतं.

हे चित्र बदलण्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीवर आणायची तयारी दाखवली. तिन्ही औषधं एकाच गोळीत घालूनही दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. अगदी सुरुवातीच्या केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

त्या पहिल्या औषधांनी लाखो जीव वाचवले, पण त्यांचा त्रासही होता. स्टॅव्युडिननं हातापायांची आग व्हायची, गाल आत जायचे. गावात बायका चेहऱ्यावरून ओळखू यायच्या. झिडोव्युडिननं रक्त कमी व्हायचं, आणि आपल्या बायकांच्या अंगात रक्त आधीच कमी. मग रात्री एकदाच घ्यायची एफाव्हिरेन्झची गोळी आली. तिनं गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची. २०२० नंतर सरकारी केंद्रांत टीएलडी ही गोळी मुख्य झाली. टी म्हणजे टेनोफोविर, एल म्हणजे लॅमिव्युडिन, डी म्हणजे डोल्युटेग्राविर. औषधं तीनच, पण दिवसाला एकच गोळी. बहुतेकांना तिचा त्रासही कमी होतो.

एक गोष्ट बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशातून शंका आली होती, की गर्भ राहताना डोल्युटेग्राविर चालू असेल तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहू शकतो. त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ही सोपी गोळी द्यायची की नाही, यावर जगभर काथ्याकूट झाला. पुढे जास्त बाळंतपणांची माहिती जमा झाली, तसा तो धोका खरा नसल्याचं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच हे औषध बायकांसह सर्वांसाठी योग्य ठरवलं. तेव्हा "दिवस राहिलेत म्हणून मी गोळी थांबवली" असं कुणी करू नये. गरोदरपणात गोळी थांबवली तर विषाणू वाढतो आणि बाळाला लागण होण्याचा धोकाही वाढतो.

कमी करून बघितलं, तेव्हा काय झालं?

विषाणू दबल्यावर औषधं कमी करावीत, ही कल्पना नवी नाही. पहिली खुरपणी दहा बायका लावून करायची, मग रान राखायला दोघी पुरतात, असा तो विचार. १९९८ मध्ये अमेरिकेत हे करून बघितलं. तीन औषधांनी विषाणू दबलेल्या काही लोकांना पुढे एक किंवा दोनच औषधं दिली. तिन्ही चालू ठेवलेल्यांपैकी फार थोड्यांचा विषाणू परत आला. औषधं कमी केलेल्यांत मात्र जवळजवळ चारपैकी एकाचा आला. त्या काळची औषधं इतकी दणकट नव्हती, दोघींना ते रान राखता आलं नाही.

मग दुसरा विचार आला. प्रतिकारशक्ती चांगली असेल तेव्हा गोळ्या थांबवाव्यात आणि घसरली की पुन्हा सुरू कराव्यात. याचा 'स्मार्ट' नावाचा फार मोठा अभ्यास झाला. ३३ देशांतले ५४७२ लोक त्यात होते. २००६ मध्ये तो मधेच थांबवावा लागला. मधूनमधून गोळ्या थांबवणाऱ्यांत गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण गोळ्या चालू ठेवणाऱ्यांच्या अडीचपट झालं होतं. हृदयाचे, किडनीचे, यकृताचे आजारही त्यांच्यातच जास्त दिसले. 'गोळ्यांना थोडी सुट्टी दिली तर शरीराला आराम मिळेल' असं आपल्याला वाटतं. हा अभ्यास सांगतो, की त्या सुट्टीत आराम मिळतो तो विषाणूला.

डोल्युटेग्राविर आल्यावर गोष्ट बदलली. हे औषध दणकट आहे. विषाणूला त्याला चुकवायला सहजी जमत नाही. त्यामुळे डोल्युटेग्राविर आणि लॅमिव्युडिन अशा दोनच औषधांवर विषाणू दबलेला राहतो का, हे पुन्हा तपासलं गेलं. योग्य माणसं निवडून दिलं तर तो राहतो, असं दिसलं. अमेरिकेत २०२० पासून विषाणू दबलेल्यांना तीनऐवजी ही दोन औषधं द्यायला मान्यता आहे.

आता 'योग्य माणसं' म्हणजे कोण, हे बघायला हवं. सगळी मेख तिथेच आहे.

सोपं करण्याआधी डॉक्टर काय बघतात?

पहिलं म्हणजे व्हायरल लोडचा अलीकडचा रिपोर्ट. विषाणू दबलेला नसेल तर गोळी बदलण्याआधी तो का दबला नाही, हे शोधावं लागतं.

दुसरं, जुना इतिहास. कोणती औषधं कधी घेतली, कधी खंड पडला, कोणतं औषध निकामी झालं. ज्यांचे पहिले उपचार निकामी होऊन पुढच्या टप्प्याचे उपचार चालू आहेत, त्यांच्या गोळ्या जास्त असतात. त्यांनी शेजारणीची एक गोळी बघून आपल्याही गोळ्या कमी करू नयेत. दोघींचा आजार एक असला तरी दोघींचे विषाणू सारखे नसतात.

तिसरं, कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ही दोन्ही औषधं एचआयव्हीबरोबर कावीळ ब लाही दाबून ठेवतात. जिला दोन्ही आजार आहेत, तिचं टेनोफोविर काढून टाकलं तर कावीळ उसळून यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून अशा व्यक्तींना वरची दोन औषधांची जोडी चालत नाही.

चौथं, टीबी. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरची ताकद कमी करतं. त्यामुळे टीबीचे उपचार चालू असताना डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. इथे गोळी वाढते, आणि ती वाढणंच योग्य असतं.

पाचवं, इतर औषधं आणि आजार. फिट्सच्या काही गोळ्यांनी डोल्युटेग्राविर कमी पडतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण डोल्युटेग्राविरमुळे वाढतं, म्हणून तिचा डोस बेतानं ठरवावा लागतो. टेनोफोविर चालू असेल तर किडनीची तपासणी लागते. म्हणून केंद्रात जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं आठवत बसण्यापेक्षा पाकीट दाखवणं सोपं.

आणि ते इंजेक्शन?

दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल काहींनी ऐकलं असेल. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन अशी ती दोन इंजेक्शनं असतात. विषाणू पूर्ण दबलेला असेल आणि कावीळ ब नसेल, तर गोळ्यांऐवजी हा एक पर्याय असू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये सांगितलं. घरात गोळी लपवून ठेवावी लागणाऱ्या बाईला हे ऐकून किती हायसं वाटेल, याची आम्हाला कल्पना आहे. पण आपल्या सरकारी केंद्रातली मुख्य औषधं आजही गोळ्यांचीच आहेत. 'इंजेक्शन येणार आहे' म्हणून हातातली गोळी कुणी सोडू नये. आणि एचआयव्ही मुळापासून घालवतो म्हणून जडीबुटी विकणाऱ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नये.

एक गोळी, पण नीट

गोळी एक झाली की प्रत्येक गोळीचं मोल वाढतं. काही साध्या गोष्टी सांभाळा.

टीएलडी जेवणाबरोबर घेतली तरी चालते, उपाशीपोटी घेतली तरी चालते. म्हणून एकादशी असो, नवरात्र असो, उपवासामुळे गोळी चुकवायचं कारण नाही.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आपल्यापैकी पुष्कळजणी घेतात, गरोदर बायका तर घेतातच. या गोळ्या उपाशीपोटी टीएलडीबरोबर घेतल्या तर डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही. त्या जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतं. नाहीतर टीएलडी आधी घ्या आणि लोह-कॅल्शियम किमान दोन तासांनी. लोह-कॅल्शियमची गोळी आधी घेतली असेल, तर टीएलडी सहा तासांनी. पित्तावरच्या पातळ औषधालाही हेच अंतर ठेवा, आणि ते जेवणाबरोबरही एकत्र घेऊ नका.

गोळीनं झोप लागत नसेल तर ती रात्रीऐवजी सकाळी घेता येते का, हे केंद्रात विचारा. वजन भराभर वाढत असेल तर तेही सांगा. एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर तीच वेळेवर घ्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका. गोळ्या त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट लावून, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा. लपवण्यासाठी कागदाच्या पुडीत बांधून पिठाच्या डब्यात खुपसल्या तर त्या खराब होतात.

फेऱ्याही कमी होऊ शकतात

केंद्र चाळीस किलोमीटर लांब असेल, तर एका फेरीत एक रोज बुडतो आणि वर एसटीचं भाडं. शिवाय दर महिन्याला "कुठं चाललीस?" याचं उत्तर द्यावं लागतं. तब्येत स्थिर आहे, विषाणू दबला आहे, गोळ्या चुकत नाहीत, अशांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. काहींना घराजवळच्या लिंक एआरटी केंद्रातून औषध मिळू शकतं. आपल्याला हे लागू आहे का, हे स्वतःहून विचारा. विचारायला संकोच करू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी तर गाव सोडण्याआधीच केंद्रात सांगावं, की आम्ही अमुक महिने अमुक जिल्ह्यात असू. किती दिवसांच्या गोळ्या बरोबर मिळतील, संपल्यावर तिथल्या कोणत्या केंद्रातून घ्यायच्या, हे आधीच ठरवून घ्या. एआरटीचं कार्ड कपड्यांच्या बोचक्यात जपून ठेवा. कोयता घेतला की नाही हे जसं दोनदा बघता, तसं कार्डही दोनदा बघा.

गटानं काय करावं?

आपल्या देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यात सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. म्हणजे गटात अशी एखादी मैत्रीण असू शकते. ती कोण, हे शोधत बसू नका. एचआयव्ही आणि एड्सबद्दलचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्या कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून, शाळेतून किंवा दवाखान्यातून कुणाला दूर ठेवता येत नाही.

गटाच्या हातात दोन गोष्टी नक्की आहेत. अडचणीच्या महिन्यात कुणी प्रवासभाड्यापुरतं कर्ज मागितलं, तर "दवाखान्याचं काम आहे" एवढं कारण पुरेसं धरावं. आणि आजची ही माहिती बैठकीत सगळ्यांसमोर वाचावी, म्हणजे जिला हवी तिला ती न विचारता मिळेल.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पुढच्या वेळी केंद्रात हे चार प्रश्न विचारावेत. माझा शेवटचा व्हायरल लोड किती आणि कधीचा? मला कावीळ ब आहे का, तपासलं आहे का? माझ्या गोळ्या किंवा फेऱ्या सोप्या करता येतील का? आणि माझ्या इतर गोळ्या यांच्याबरोबर चालतात का? डॉक्टरांना वेळ नसेल तर समुपदेशक ताईंना विचारा. घरून विचारायचं असेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे.

या चार प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मात्र आज हातात असलेली गोळी आजच्या वेळेला घ्यायची.